आजी पडली, पण का पडली?

म्हातारं माणूस पडलं की मालवणातून धावपळ ओरोसला, नाहीतर थेट बांबोळीला. टाके घालतात, हाड बसवतात, घरी पाठवतात. ती पडली कशाने, हे विचारायला कुणाला सवड नसते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या शंभरांतल्या सात जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त! आपल्याकडे मुलगे मुंबईला, घरात आई एकटी. साखरेची गोळी दोनदा घेतली जाते, मग चक्कर. आपण म्हणतो, ‘वयोमान आसा!’

तापात, लघवीच्या संसर्गात किंवा सोडियम उतरलं की म्हातारी माणसं अचानक बरळतात. बहुतेकदा ते उपचाराने ओसरतं, म्हणून तिथल्या तिथे शिक्का मारू नये. पण कधीकधी ती आधीच सुरू झालेल्या आजाराची पहिली खूण असते. बी-१२ किंवा थायरॉईडची कमतरताही विसरायला लावते, आणि त्यावर तर औषध आहे.

मैत्रिणींनो, मुलगा चतुर्थीपुरता येतो. रोजचं आपल्यालाच दिसतं. म्हणून सोबत जाणारीनेच डॉक्टरांना सांगावं, मी तर म्हणेन ठासून सांगावं: वर्षभरात हिशेब चुकतो का, ओळखीची वाट चुकते का. आणि घरी सोडताना हाडाच्या तारखेबरोबर स्मरणशक्तीच्या तपासणीचीही तारीख कागदावर लिहून घ्यावी.