अटकेची नोंद कोणाची?

'शेरीफ' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पडद्यावरचा घोडेस्वार उभा राहतो: छातीवर तारा, कमरेला पिस्तूल. मुंबईकराला आणखी एक शेरीफ ठाऊक असतो, तो म्हणजे मुंबईचा नगरपाल. हे वर्षभराचे मानाचे पद. १९८० साली दिलीपकुमार या पदावर होते. या नगरपालाच्या हाती ना शिपाई, ना कोठडी. अमेरिकेतील काउंटीचा, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा, शेरीफ मात्र या दोघांहून निराळा आहे. बहुतेक राज्यांत तो लोकांनी मते देऊन निवडलेला असतो. शहराबाहेरच्या वस्त्यांचा बंदोबस्त तो पाहतो, न्यायालयाची समन्से बजावतो आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काउंटीचा तुरुंग सांभाळतो. शहरच्या पोलिसांनी पकडलेला माणूसही बहुधा त्याच्याच कोठडीत येऊन पडतो. त्यामुळे कोणाला, केव्हा, कशासाठी धरले, याची नोंद शेवटी या शेरीफच्या दप्तरात सापडते.

हे दप्तर सामान्य माणसाने मागावे काय, आणि मागितले तर शेरीफने ते दाखवावे काय? प्रश्न दूरच्या देशाचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला पेच कोणत्याही लोकशाहीला चुकलेला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. अमेरिकेचा माहिती-स्वातंत्र्याचा प्रसिद्ध कायदा १९६६ सालचा. पण तो केवळ केंद्र सरकारच्या खात्यांना लागू आहे, शेरीफला नाही. शेरीफला लागू होतो तो त्याच्या राज्याचा कायदा, आणि राज्ये पन्नास! फ्लॉरिडाचे उदाहरण घ्या. तेथे सरकारी दप्तर खुले असण्याची परंपरा १९०९ पासूनची आहे, आणि १९९२ मध्ये तर हा हक्क लोकांनी मतदान करून राज्यघटनेतच घातला. तेथे अर्जदाराला आपले नाव सांगावे लागत नाही, कारणही द्यावे लागत नाही. एका बाजूच्या साध्या नकलेला पंधरा सेंट भरायचे. तपास चालू असेल तर तपासाचे कागद झाकून ठेवता येतात. परंतु अटक झालेल्याचे नाव, वय, पत्ता, घटनेची वेळ व ठिकाण आणि ठेवलेला आरोप या गोष्टी झाकता येत नाहीत. टेक्सासमध्येही अटकेची मूलभूत माहिती खुली आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने तर अटकेची वेळ, जामिनाची रक्कम इथपर्यंतची यादीच घालून दिली आहे. याउलट व्हर्जिनियासारखे राज्य हा हक्क मुख्यतः आपल्याच नागरिकांपुरता राखते, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते चालवूनही घेतले.

एवढी उघडी दारे कशासाठी? कोणी म्हणेल, शेजारी चोर आहे की साव हे कळावे म्हणून. माझ्या मते येथेच सारी गफलत आहे. अटकेची नोंद ही पकडलेल्या माणसाची कुंडली नव्हे; ती पकडणाऱ्या सत्तेची हजेरी आहे. राज्यसत्ता एखाद्या माणसाला रस्त्यावरून उचलते, त्याचा पट्टा, पाकीट काढून घेते, त्याच्यामागे दार लावते. याहून मोठा अधिकार सरकार रोजच्या व्यवहारात क्वचितच वापरते. तो वापरला याची उघड नोंद नसेल, तर त्या अटकेला आणि पळवून नेण्याला वेगळे कसे ओळखायचे? ज्या राजवटीत माणसे रात्री नाहीशी होतात, तेथे सर्वांत आधी नाहीसे होते ते हे नोंदबुक.

हे केवळ तत्त्वज्ञान नाही. जुलै २०१५ मध्ये सँड्रा ब्लँड ही अठ्ठावीस वर्षांची कृष्णवर्णीय तरुणी एका विद्यापीठातील नोकरीसाठी टेक्सासमध्ये आली होती. मोटारीची मार्गिका बदलताना इशारा दिला नाही, एवढ्यावरून तिला अडवण्यात आले. शब्दाला शब्द वाढला आणि १० जुलैला ती वॉलर काउंटीच्या तुरुंगात गेली. जामीन पाच हजार डॉलरचा; सुटायला त्यातले पाचशे पुरले असते. १३ जुलैला ती कोठडीत गळफास लागलेल्या स्थितीत मृत सापडली. पुढे कागद बाहेर आले. तुरुंगात घेताना भरलेल्या तिच्या प्रश्नावलीत पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केल्याची नोंद होती, आणि त्याच कागदांत एका ठिकाणचे उत्तर दुसऱ्या ठिकाणच्या उत्तराशी जुळत नव्हते. कैद्यांवर ठरलेल्या वेळी नजर टाकण्याचा नियम पाळला गेला नाही, असा ठपका तुरुंगांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या आयोगाने ठेवला. २०१७ मध्ये टेक्सासने तिच्या नावाचा कायदा केला; तुरुंगातील मृत्यूचा तपास आता बाहेरच्या यंत्रणेने करावयाचा असतो. सांगा, ही नोंद कोणाविरुद्ध बोलली? सँड्राविरुद्ध की तिला कोंडणाऱ्यांविरुद्ध?

तुरुंगात स्वतः जाऊन पाहण्याची सोय नाही, हेही ध्यानात घ्यावे. कॅलिफोर्नियातील अल्मीडा काउंटीच्या तुरुंगात एका कैद्याने आत्महत्या केल्यावर वार्ताहरांनी तो भाग पाहू देण्याची मागणी केली. शेरीफने नकार दिला, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने शेरीफचीच बाजू उचलून धरली. दार बंद म्हटल्यावर कागद हीच काय ती खिडकी उरते.

येथवर वाचून कोणाला वाटेल की मग सर्व काही चव्हाट्यावर मांडावे. थांबा. नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती रक्ताळलेली आहे.

१९७२ साली लुइव्हिल शहराच्या पोलिसांनी दुकानदारांना एक पत्रक वाटले: 'सराईत दुकानचोर', सोबत छायाचित्रे. त्यांत डेव्हिस नावाच्या एका वृत्तपत्र-छायाचित्रकाराचे चित्र होते. त्याच्यावर एकदा आरोप ठेवला गेला होता, इतकेच. तो सिद्ध झालेला नव्हता आणि पत्रक निघाल्यावर थोड्याच दिवसांत खटला रद्दही झाला. तो न्यायालयात गेला. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नुसत्या अब्रूला घटनेचे संरक्षण नाही! आज ते पत्रक फार लहान वाटते. शेरीफच्या तुरुंगात काढलेली छायाचित्रे उचलून संगणकाच्या जाळ्यावर मांडायची आणि ती काढून टाकण्यासाठी त्या माणसाकडूनच पैसे मागायचे, असा धंदाच मध्यंतरी तेथे बोकाळला. दोषी ठरो वा न ठरो. नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधी चेहरा तेथे पोचलेला. जॉर्जिया व युटा या राज्यांना २०१३ साली याविरुद्ध कायदे करावे लागले, आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात अशा एका धंद्याच्या चालकांवर खंडणीचे गुन्हे दाखल झाले.

ज्या नोंदीने माणसाला सत्तेपासून वाचवायचे, तीच त्याच्या कपाळी डाग म्हणून चिकटली. कुंपणानेच शेत खाल्ले, दुसरे काय?

मग उपाय कोणता? काही सज्जन म्हणतात, नावे झाकून टाका. मला हे पटत नाही. नाव झाकले की गुप्त अटकेची वाट मोकळी झाली; आणि लाज राखण्याच्या नावाखाली शेरीफच स्वतःची लाज राखील. उपाय वेगळा आहे, आणि त्याचा धागा सर्वोच्च न्यायालयाच्याच १९८९ मधील एका निकालात सापडतो. एका व्यक्तीची देशभरातून गोळा केलेली गुन्हेविषयक जंत्री वार्ताहरांनी केंद्रीय तपास खात्याकडे मागितली होती. न्यायालयाने ती नाकारली. त्याचे म्हणणे असे की हा कायदा सरकार काय करते ते दाखवण्यासाठी आहे, सरकारच्या कपाटात साठलेले खाजगी माणसांचे आयुष्य दाखवण्यासाठी नाही. तो निकाल केंद्राच्या कायद्यापुरता. काउंटीच्या शेरीफला तो बांधत नाही. परंतु विचार म्हणून तो मला खरा वाटतो.

या विचारातून तीन गोष्टी निघतात. अटकेची नोंद ताबडतोब आणि नावासकट खुली असावी. तिच्याशेजारी त्या खटल्याचे पुढे काय झाले हेही लिहिलेले असावे. कारण अटक शेरीफच्या दप्तरात राहते आणि सुटका न्यायालयाच्या दप्तरात, आणि लोक पहिलेच पान वाचून थांबतात. तिसरे, चेहऱ्यांची विक्री बंद व्हावी. शेरीफला निवडून यायचे असते. पकडलेल्यांचे चेहरे मांडून मर्दुमकी दाखवण्याचा मोह त्याला होणारच. तो मोह कायद्यानेच आवरावा लागेल.

हे सारे लिहिताना आपले घर विसरता येत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने आपल्यालाही कारण न सांगता अर्ज करण्याची मुभा दिली आहे. संवेदनशील प्रकरणे वगळता प्राथमिक माहिती अहवाल चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावेत, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले. अटक झालेल्यांची नावे, पत्ते व आरोपाचे स्वरूप पोलीस ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावावे, असे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेली नागरिक सुरक्षा संहिता सांगते. म्हणजे हा पेच आपल्याही उंबऱ्यावर येऊन उभा आहे. त्या फलकापुढे उभे राहून आपण काय वाचणार? 'अमक्याचा मुलगा आत गेला' एवढेच? की त्याला कोणी धरले, केव्हा धरले, आणि न्यायाधीशापुढे वेळेत उभे केले की नाही?

मित्रहो, कायदा फार तर फलक लावून देईल. तो कोणत्या डोळ्यांनी वाचायचा हे आपणच ठरवायचे आहे. चहाच्या टपरीवर चघळायला नाव हवे असेल तर अर्ज न केलेलाच बरा. पण दाराआड गेलेला माणूस सुखरूप बाहेर यावा, यासाठी अर्ज करावयाचा असेल तर तो अवश्य करावा; कारण त्या माणसाला स्वतःला, त्या घडीला, अर्ज करता येत नसतो.