धानाची सोशिकता आणि धोरणाची जबाबदारी

गोंदिया जिल्ह्यातील धान उत्पादकाला पावसाचा लहरीपणा नवा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पंधरवडा कोरडा गेला की बांधीला भेगा पडतात, पऱ्हे वाळतात, रोवणी खोळंबते. वैनगंगेला पूर आला की उभे पीक पाण्याखाली जाते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस हेच घडले. अशा वेळी ‘ताण सोसणारे वाण’ हा उपाय पुढे केला जातो. त्याचे मोल आणि मर्यादा दोन्ही कार्यकर्त्यांनी समजून घेतल्या पाहिजेत.

पाणी तुटले की रोप पानांवरील सूक्ष्म रंध्रे मिटून घेते. ओलावा वाचतो, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. ऊन मात्र पडतच राहते. हरितद्रव्याने शोषलेल्या ऊर्जेचा काही भाग मग प्राणवायूकडे वळतो आणि त्याची विध्वंसक रूपे निर्माण होऊन पेशींना इजा करतात. पूर ओसरल्यावर एकाएकी हवा व प्रकाश मिळालेल्या धानाचेही असेच होते. याविरुद्ध रोपाजवळ विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, फळी असते. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकराचे कार्य मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये उलगडले. ते सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. कॅटलेज आणि पेरॉक्सिडेज त्याचे पुढे पाणी करतात.

ही फळी फुकट उभी राहत नाही. विकरे प्रथिनांची असतात. त्यांतील अनेकांना लोह, तांबे, जस्त, मँगनीज लागते. निकस जमिनीतील रोपाकडून सोशिकतेची अपेक्षा करणे म्हणजे अर्धपोटी मजुराकडून दुप्पट काम मागणे होय. शिवाय ‘विकरे जितकी अधिक तितके बरे’ हा हिशेबही खरा नाही. मे २०२५ मध्ये ‘पूसा डीएसटी राइस १’ हा जनुक-संपादित वाण जाहीर झाला, तो एमटीयू १०१० पासून तयार केलेला. त्यात निकामी केलेले जनुक एरवी रंध्रांजवळील पेरॉक्साइडचा निचरा करवते. निचरा मंदावला की रंध्रे मिटतात आणि पाणी वाचते. जे विष, तेच योग्य मात्रेत इशारा ठरते.

हे संशोधन सरकारी संस्थांत, जनतेच्या पैशातून झाले, म्हणून ते स्वागतार्हच आहे. परंतु जनुक-संपादनाच्या तंत्राची मुख्य पेटंटे परदेशी संस्थांच्या हाती आहेत. म्हणून बियाणे कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. पुरात तगणाऱ्या ‘स्वर्णा सब-१’ चा गुण ओडिशाच्या शेतकऱ्यांनी जपलेल्या देशी धानातून आला. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारकाने एचएमटी धान निवडून काढले. त्यावर बाजाराने कमाई केली. दादाजी २०१८ मध्ये वारले ते हलाखीतच. ज्ञान श्रमिकाचे आणि नफा इतरांचा, ही रीत प्रयोगशाळेच्या दारातून पुन्हा आत येऊ देता कामा नये.

दुसरे असे की, विकरे रोपाला मुदत देतात, पाणी देत नाहीत. पाणी देणारी व्यवस्था या जिल्ह्यात होती. नवेगावबांधसारखे तलाव कोहळी समाजाच्या जलज्ञानातून उभे राहिले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, हे न्यायाचेच झाले. तलाव शासनाकडे आले. पण गाळ काढणारी, पाळ राखणारी, पाणी वाटणारी गावची व्यवस्था विस्कटली आणि तिची जागा घेणारी लोकशाही व्यवस्था नीट उभी राहिली नाही. कोरड्या पंधरवड्यात शेवटच्या बांधीला एक पाळी पाणी मिळाले, तर साधा वाणही तगतो.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. ताण सोसणारे बियाणे सार्वजनिक मालकीचे राहावे आणि ते राखण्याचा व परस्परांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क अबाधित असावा. मातीपरीक्षणाचा लाभ बटाईदारापर्यंत पोहोचावा. तलावांची दुरुस्ती आणि पाणीवाटप ग्रामसभेच्या देखरेखीखाली व्हावे. सोसण्याचे शास्त्र अवश्य वाढावे. परंतु त्याच्या आड लपून राज्यकर्त्यांना आपली जबाबदारी टाळता येऊ नये.