सर्वजनांतले जनावर

‘सार्वजनिक आरोग्य’ या शब्दातील सर्वजन नेमके कोण, असा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकांनी विचारला तर काहींना हसू येईल. येवो. त्या सर्वजनांत जनावर नाही. ते ‘पशुसंवर्धना’त जाते, माणसाला आरोग्य आणि गुराला वाढ, अशी वाटणी शब्दांतच झालेली आहे आणि शासनाचे दोन विभाग ती इमानेइतबारे पाळतात.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळे पकडून तपासली. त्यांतील काहींत निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. तोवर महाराष्ट्रात माणसाला निपाह झाल्याची नोंद नव्हती. म्हणजे रोगाआधी मिळालेला हा इशारा होता. आपल्या सुशिक्षितांनी त्यातून काय घेतले? वटवाघूळ अभद्र, एवढेच. मलेशियात १९९८-९९ मध्ये हाच विषाणू वटवाघळांकडून डुकरांत व डुकरांकडून माणसांत आला. डुकरे खोकत होती. सरकारी यंत्रणा मात्र आधी जपानी मेंदूज्वर समजून डासांवर धुरळणी करीत राहिली. शंभरावर माणसे गेली, सुमारे १० लाख डुकरे मारावी लागली. खोकणाऱ्या डुकराची साक्ष वेळेवर कुणी ग्राह्य धरली नाही.

आमच्या दुष्काळी तालुक्यांत ही साक्ष मेंढी देते. ब्रुसेलोसिसने तिचा गाभ पडतो. उघड्या हातांनी वार उचलणाऱ्या मेंढपाळाला पुढे येता-जाता ताप आणि सांधेदुखी धरते. दवाखान्यात ‘मेंढ्या गाभ टाकतात का?’ असे त्याला कुणी विचारलेच नाही, तर त्या तापाचे नाव कळावे कसे?

साहित्यवाल्यांनीही फार ताठ्याने बोलू नये. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळ मेंढरांना आणि माणसांना एकाच तडाख्यात गाठतो. ती कादंबरी वर्गात शिकवली जाते, आणि मेंढरू ‘प्रादेशिक वातावरण’ या मुद्द्याखाली दहा गुणांत आटोपते!

नागपुरात राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. स्वागतच आहे. परंतु सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगली जिल्ह्यात मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. माण, खटाव, आटपाडी, जत येथील कळपांची आणि ते राखणाऱ्या कुटुंबांची रक्ततपासणी या दोघांनी एकाच दिवशी करावी आणि एकाच वहीत नोंदवावी, एवढीच आमची मागणी आहे. त्या वहीचा खर्च कोणत्या विभागाने सोसायचा, यावर फाइल अडेल, हेही आम्हांस ठाऊक आहे.