जुने स्पीकर टाकण्याआधी

बोरगावच्या घरी आजोबांनी हौसेनं घेतलेली लाकडी स्पीकरची जोडी असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात देऊ नका. जुन्या स्पीकरचा आवाज फाटतो तो अनेकदा पडद्याभोवतीची फोमची कड कुजल्यामुळे. आतलं चुंबक शाबूत असतं. जाणकार दुरुस्तीवाला नवी कड चिकटवून देतो.

नवे घेताना नुसत्या वॅटना भुलू नका. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, म्हणजे कानाला जरासाच. त्याआधी कोपऱ्यातले स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा. खर्जाचा घुमारा कमी होतो.

मग १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं गाणं लावा. मागचा तानपुरा स्वच्छ ऐकू आला, तर पैसे राखून ठेवा. आणि हो, ऐकताना आजोबांना शेजारी बसवा!