शाळेंतील काम व गांवचें गिऱ्हाईक

दहावीचा निकाल लागला म्हणजे जुन्नर-आंबेगांवकडील पालक मुलास पुढें घालून येतात व विचारतात, "सर, आतां ह्याला कुठं घालायचा?" गेलीं वीस वर्षें मी एकच उत्तर देत आलों: गुण असले तर कॉलेज, नसले तर आय.टी.आय. हातकाम म्हणजे बुद्धि अपुरी पडल्याची शिक्षा, हा त्यांतील ध्वनि मुलें अचूक ओळखीत. त्याची आज मला लाज वाटते.

वास्तविक आमच्या भागास कसब नवें नाहीं. जुन्नरी कागद पेशवाईंत नांवाजलेला होता. आज खोडदच्या परिसरांत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण उभी आहे. नारायणगांवीं टोमॅटोचा मोठा बाजार भरतो. विहिरीविहिरीवर पंप आहेत, शेतांत ठिबकच्या नळ्या आहेत. पंप बंद पडला कीं तो दुरुस्त करणारा वेळेवर सांपडत नाहीं, आणि त्याच वेळीं आमचे विद्यार्थी चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कंत्राटी मदतनीस होण्यासाठीं एस.टी. धरतात.

यावर उपाय शोधण्यास फार दूर जावयास नको. शेजारच्या शिरूर तालुक्यांत, पाबळ या अवर्षणग्रस्त गांवीं, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं 1983 सालीं विज्ञान आश्रम स्थापिला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनशाळेंतील नोकरी सोडून आलेला हा शास्त्रज्ञ 2003 सालीं निधन पावेपर्यंत या कार्यास वाहिलेला होता. तेथें सिद्ध झालेला अभ्यासक्रम पुढें अनेक माध्यमिक शाळांनीं घेतला. आठवड्यांतून एक दिवस मुलांमुलींनीं अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चारही अंगांचें काम करावयाचें. मुलगीही वेल्डिंग करते, मुलगाही रक्तगट तपासावयास शिकतो. शिकविणारे बहुधा गांवांतलेच कारागीर. परंतु माझ्या मतें खरें मर्म निराळेंच आहे. काम गांवासाठीं करावयाचें व त्याचा मोबदला घ्यावयाचा! आमच्या कार्यानुभवाच्या तासास केलेलीं कागदी फुलें श्रेणी मिळवून कपाटांत जातात. फाटक वांकडें झालें तर मात्र गिऱ्हाईक पैसे देत नाहीं. माप, त्रैराशिक, खर्चाचा अंदाज, दिलेल्या शब्दाची मुदत, हें सारें त्या एका फाटकांत येतें. आणि आम्ही शिक्षक गिऱ्हाइकाइतके कठोर परीक्षक कधींच नसतों.

1937 सालीं गांधीजींनीं वर्धा येथें मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली, तेव्हां शाळेचा कारखाना होईल अशी भीति अनेकांस वाटली. ती अगदींच पोकळ नव्हती. सुताराच्या मुलास रंधा व वकिलाच्या मुलास पुस्तक, अशी वांटणी झाली तर असलें शिक्षण न दिलेलें बरें. म्हणूनच वर्गांतील पहिल्या क्रमांकाच्या मुलासही त्यांतून सूट नसावी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. दहा दिवसांत रंध्याची ओळख होते. त्यास धार लावतां येत नाहीं.

आमच्या चालकांस माझी विनंती इतकीच कीं, पुढील वर्षापासून आठवड्याचा एक दिवस द्यावा व गांवांतील एक पंप-दुरुस्ती करणारा कारागीर वेतन देऊन शाळेंत बोलवावा. त्यास पदवी नाहीं, तेव्हां शिक्षकांच्या खोलींत त्यानें बसावयाचें कोठें, असा प्रश्न कोणी ना कोणी काढीलच. त्यानें माझी खुर्ची घ्यावी. त्या दिवशीं मी मुलांबरोबर विहिरीवर असेन.