कातडी शाबूत, हाडे कुजकी

फायबरग्लासची होडी कुजत नाही, या एका आश्वासनावर अमेरिकेतील नौकाबांधणीचा मोठा उद्योग उभा राहिला. ओहायो राज्यातील टोलेडो येथे रे ग्रीन या नौकाबांधकाने १९४२ साली काचतंतू व पॉलिएस्टर रेझिन यांपासून एक लहान शिडाची होडी तयार केली. दुसरे महायुद्ध संपल्यावर ही पद्धत झपाट्याने पसरली आणि १९६० नंतरच्या वीस वर्षांत अमेरिकेच्या सरोवरांवर मध्यमवर्गीय कुटुंबांच्या मोटरबोटींची गर्दी झाली. लाकडी होडीची दरवर्षीची डागडुजी आता कायमची सुटली, असा ग्राहकांचा समज झाला. त्या काळातील ज्या बोटी शिल्लक आहेत त्यांचे कवच अद्याप चकाकते. मात्र अनेकींत पायाखालची फळी दबते आणि ती उचकटली तर खालच्या आधारांच्या जागी काळा, ओला भुसा हाती येतो.

आश्वासन अर्धे खरे होते. काचतंतूचा थर कुजत नाही. परंतु तो ताण उत्तम सोसत असला तरी पातळ असल्याने लवतो. त्याला ताठ ठेवण्यासाठी बोटीच्या तळाशी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत लांब वासे बसवावे लागतात; त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. मागच्या बाजूची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, हिच्यावर इंजिनाचा भार आणि धक्का येतो. म्हणून तिच्या दोन काचतंतू-थरांच्या मध्ये जाड प्लायवुड घालतात. स्ट्रिंगरही बहुधा प्लायवुडचे किंवा साध्या लाकडाचे असत आणि वरून काचतंतूने मढवले जात. लाकूड स्वस्त, हलके आणि स्क्रू धरून ठेवणारे. त्यामुळे त्याची निवड गैर म्हणता येत नाही. गैर होते ते लाकूड झाकले म्हणजे सुरक्षित झाले, हे गृहीत.

लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही. बोटीत हा नियम मोडतो तो बारीकसारीक छिद्रांपाशी. खुर्ची बसवताना मारलेला स्क्रू, इंजिनाच्या बोल्टची भोके, तळाचे पाणी काढून टाकण्याच्या बुचाची कड यांतील उघडे लाकूड रेझिनने बंद केले नसेल तर पाणी आत शिरते. वरचे आवरण जलरोधक असल्याने ते पुन्हा बाहेर पडत नाही. ज्या आवरणाने लाकडाचे रक्षण करावयाचे, तेच ओल कोंडून ठेवते.

यात सद्हेतूने केलेल्या कायद्याचाही वाटा आहे. अमेरिकेत १९७१ साली नौका सुरक्षिततेचा संघीय कायदा झाला आणि त्या दशकात वीस फुटांखालील मोटरबोटींना पाणी भरले तरी तरंगत राहण्याचे बंधन आले. त्यासाठी अनेक कारखान्यांनी फळीखालच्या पोकळीत फेस ओतला. बुडणाऱ्या बोटीवरील माणसांसाठी हा नियम मोलाचाच आहे. तथापि वर्षानुवर्षे ओलीत राहिलेला फेस पाणी धरतो आणि ते स्ट्रिंगरच्या अंगाला लागून राहते. नियमाने तरंगण्याची हमी मागितली. आधाराची तपासणी करता येईल अशी सोय मात्र मागितली नाही.

येथे प्रश्न तंत्राचा न राहता अर्थशास्त्राचा होतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारगाड्यांच्या बाजारावर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की, विक्रेत्याला मालाचा दोष ठाऊक असून ग्राहकाला तो दिसत नसेल, तर ग्राहक प्रत्येकच मालाला कमी किंमत देऊ करतो. मग चांगला माल विकणारे बाजारातून निघून जातात आणि वाईट माल उरतो. जुन्या बोटींचा बाजार याचे नेमके उदाहरण आहे. हातोडीने ठोकल्यावर घट्ट लाकूड खणखणते आणि कुजलेले भद्द वाजते. ओलावामापक यंत्रही मिळते. परंतु दोन थरांखालील, फेसात गाडलेल्या वाशापर्यंत हे उपाय नीट पोहोचत नाहीत. ज्याने आधार प्रामाणिकपणे नवे केले, त्याला त्या कष्टाची किंमत मिळत नाही. ज्याने वरून नवी सतरंजी चिकटवली, त्याची बोट तेवढ्याच भावाने जाते.

दुरुस्ती अशक्य आहे असे नव्हे. बोट प्रथम सर्व बाजूंनी समतोल टेकू देऊन बसवावी लागते. अन्यथा आधार काढताच कवच वाकडे होते आणि ते वाकडेपण नव्या वाशांनी कायम होते. मग काठाशी थोडी पट्टी ठेवून वरची फळी कापायची, ओला फेस खरवडायचा, जुन्या वाशाचे माप घ्यायचे आणि शक्यतो एका वेळी एकच वासा काढायचा. खालचा काचतंतू स्वच्छ घासून त्यावर नवे प्लायवुड घट्ट केलेल्या रेझिनमध्ये बसवतात, कोपऱ्यांना गोलाई देतात आणि एकाहून एक रुंद अशा पट्ट्यांनी ते कवचाशी बांधतात. जुन्या, पूर्ण घट्ट झालेल्या थराला आणि लाकडाला पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी अधिक चांगले धरते. शेवटी प्रत्येक छिद्र मोठे पाडून रेझिनने भरायचे आणि त्या भरावात नवे छिद्र पाडायचे. हे टाळले तर सारे काम पुन्हा कुजण्यासाठीच केले असे होते.

या कामात सामानापेक्षा श्रम अधिक आहेत. घासताना उडणारी काचेची धूळ सोसत गुडघ्यांवर बसून करावयाचे हे श्रम आहेत. अमेरिकेत मजुरी महाग; त्यामुळे कारागिराकडून करवून घेतलेल्या दुरुस्तीचा खर्च बोटीच्या बाजारभावाहून सहज वर जातो. मालक हिशेब करतो आणि बोट परसात किंवा खाडीत सोडून देतो.

त्याचा हिशेब त्याच्यापुरता चुकीचा नाही. तो अपुरा आहे. काचतंतू व रेझिन यांचे मिश्रण एकदा घट्ट झाले की धातूसारखे वितळवून पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे मोडीला जवळजवळ किंमत येत नाही. उलट ती हलविण्यासाठीच पैसे मोजावे लागतात. हा खर्च मालकाच्या वहीत लिहिला जात नाही. तो समाजाच्या माथी येतो. वॉशिंग्टन राज्याला २००२ साली बेवारस नौका हटविण्यासाठी स्वतंत्र योजना आखावी लागली. फ्रान्सने २०१९ पासून अधिक सरळ मार्ग धरला: नव्या बोटीच्या विक्रीवर अंशदान बसवायचे आणि त्यातून जुन्या बोटी मोडण्याचा खर्च भागवायचा. ज्या क्षणी वस्तू जन्माला येते, त्याच क्षणी तिच्या अंत्यविधीची तरतूद करण्याचा हा न्याय आहे. तो लागू झाला की वस्तू टाकून देण्याचा खर्च प्रथमच किमतीत दिसू लागतो.

प्रत्येक जुनी बोट वाचवावी, असा आग्रह कोणी धरू नये. पातळ कवचाच्या, घाईने बांधलेल्या कित्येक बोटी त्या श्रमास पात्र नाहीत. शिवाय आता अनेक कारखाने आधारांत लाकूड वापरीतच नाहीत, हेही खरे. पण फेसाच्या गाभ्यातही पाणी शिरू शकते आणि थर सुटू शकतात. पदार्थ बदलल्याने तपासणीची गरज संपत नाही.

कोकणात पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा नौका किनाऱ्यावर शाकारल्या जातात. लाकडी नौकेचा वासा उघडा असतो. डोळ्यांनी दिसतो, बोटाने चाचपता येतो, बिघडला तर तेवढाच बदलता येतो. आता आपल्या किनाऱ्यावरही फायबरच्या होड्या आल्या आहेत आणि लाकडावर फायबर चढविण्याची रीतही रुळली आहे. हौशी अमेरिकन माणसाचे नुकसान सुटीपुरते असते. मच्छीमाराच्या होडीचा आधार मोडला तर कर्जाचा हप्ता आणि जीव दोन्ही पणाला लागतात. म्हणून फायबरच्या होडीसाठी कर्ज वा अनुदान देणाऱ्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा: आतील आधारांचा आराखडा होडीबरोबर मिळावा, तळाच्या आधारांपर्यंत हात पोहोचेल अशी झाकणे असावीत, आणि शाकारणीच्या दिवसांत जाणकाराकडून त्यांची तपासणी व्हावी. या तिन्हींचा खर्च नव्या होडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

डागडुजीपासून कायमची मुक्ती देणारी वस्तू अद्याप निर्माण झालेली नाही. अशा मुक्तीचे आश्वासन देणारा विक्रेता दुरुस्तीचा खर्च नाहीसा करीत नाही, तो फक्त पुढच्या मालकाच्या नावे लिहून ठेवतो.