कुटुंबाचे आरोग्य : महाधमनीतील कापडी नळी



नांदेड, देगलूर, उदगीर या बाजूच्या माणसाला मोठे दुखणे जडले की घरच्यांचे पाय हैदराबादकडे वळतात. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. राज्य बदलले, पण रुग्णांची वाट बदलली नाही. आगगाडी काचीगुड्याला पोहोचण्याच्या किंचित अलीकडे विद्यानगर लागते. तेथे आंध्र महिला सभेचे रुग्णालय आहे आणि त्याला सभेच्या संस्थापिका दुर्गाबाई देशमुख यांचे नाव आहे. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले अर्थतज्ज्ञ चिंतामणराव देशमुख हे त्यांचे यजमान. परक्या भाषेच्या शहरात ते नाव वाचून मराठी माणसाला थोडा धीर येतो, हे ओघाने सांगितले. आजचा विषय मात्र या प्रवासात अलीकडे कानावर पडणाऱ्या एका वाक्याचा आहे : ‘आजोबांच्या पोटात स्टेंट बसवायचा आहे.’

हृदयाचा स्टेंट आता खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. हैदराबादेतच हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू आणि डॉ. अब्दुल कलाम यांनी १९९० च्या दशकात स्वस्त देशी स्टेंट तयार केला; तो ‘कलाम-राजू स्टेंट’ म्हणून प्रसिद्ध झाला. पण पोटातील स्टेंट ही वस्तू निराळी आहे. हृदयाचा स्टेंट अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवतो. येथे रक्तवाहिनी अरुंद झालेली नसून फुगलेली असते.

हृदयातून निघून छातीतून पोटात उतरणारी जी मोठी रक्तवाहिनी, ती महाधमनी. पोटात तिची रुंदी सुमारे २ सेंटिमीटर असते. वय, तंबाखू व विडी-सिगारेट, रक्तदाब आणि काही घराण्यांतील अंगभूत दोष यांमुळे तिची भिंत सैल होते आणि जुन्या सायकलच्या ट्यूबवर यावा तसा तिला फुगा येतो. ३ सेंटिमीटरपासून पुढे त्यास अॅन्युरिझम म्हणतात. तो बहुधा दुखत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अवचित दिसतो. फुटला तर मात्र पोटात वा पाठीत असह्य कळ येते, माणूस घेरी येऊन पडतो आणि बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. म्हणून फुगा पुरुषांत साडेपाच आणि स्त्रियांत पाच सेंटिमीटरच्या घरात आला की शस्त्रक्रियेचा विचार करतात. त्याहून लहान असेल तर ठरावीक काळाने मोजत राहणे पुरते.

पूर्वी उपाय एकच होता : पोट उघडून फुगलेला भाग बाजूस सारावयाचा व तेथे कापडाची नळी शिवावयाची. अमेरिकेतील ह्यूस्टनचे डॉ. मायकेल डेबेकी यांनी १९५० च्या दशकात दुकानातून डॅक्रॉनचे कापड आणून आपल्या पत्नीच्या शिवणयंत्रावर अशा नळ्या शिवल्या. शिवणकला त्यांना लहानपणी आईने शिकवली होती. शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांना हाच विकार होता. १९४८ साली त्यांच्या फुग्याभोवती सेलोफेनचे वेष्टन गुंडाळण्यात आले आणि ते आणखी सहा वर्षांहून अधिक जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगा फुटला तेव्हा त्यांनी नव्या शस्त्रक्रियेस नकार दिला व शांतपणे मरण स्वीकारले.

पोट न उघडता जांघेतील धमनीतून, मिटलेल्या छत्रीप्रमाणे, तारेच्या जाळीवर बसवलेली कापडी नळी वर सरकवून आत उघडावयाची ही युक्ती त्यानंतरची. खार्किव्ह येथील डॉ. निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतील महाधमनीत ती वापरली. जगाला त्याची वार्ता फार उशिरा लागली. पोटातील फुग्यासाठी ती ब्वेनोस आयरेसचे डॉ. हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये केली. रक्त नळीतून वाहू लागते, फुग्यावरचा दाब उतरतो आणि रुग्ण बहुधा थोड्याच दिवसांत घरी जातो.

मग जुनी शस्त्रक्रिया सोडून सर्वांनी हीच करावी काय? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील डॉक्टरांनी मोठ्या चिकाटीने शोधले. १९९९ ते २००४ या काळात ३७ रुग्णालयांतील १,२५२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटास जांघेतून नळी, दुसऱ्यास पोट उघडून शस्त्रक्रिया. पहिल्या तीस दिवसांत नळीच्या गटात शंभरात सुमारे २ दगावले, तर पोट उघडलेल्यांत सुमारे ४. येथवर नळीचा विजय स्पष्ट होता. परंतु त्यांनी रुग्णांचा माग पंधरा वर्षे सोडला नाही. काही वर्षांतच दोन्ही गटांतील जिवंत माणसांचे प्रमाण सारखे झाले आणि आठ वर्षांनंतर नळीच्या गटात फुग्यामुळे होणारे मृत्यू अधिक आढळले. बहुतेक जुनी पिशवी पुन्हा फुटल्यामुळे. नळीची टोके सैल होतात, नळी खाली सरकते, किंवा लहान उपशाखांतून रक्त मागच्या दाराने पिशवीत शिरते. पिशवी पुन्हा वाढू लागते आणि रुग्णास त्याचा पत्ता नसतो.

म्हणून आमचे मत असे की, ही शस्त्रक्रिया ज्या दिवशी होते त्या दिवशी संपत नाही. महिन्याभराने व पुढे साधारणतः दरवर्षी तपासणी, तीही आयुष्यभर, हा तिचाच भाग आहे. जखम भरली, आजोबा रविवारच्या मिस्साला चालत येऊ लागले, मग ‘आता काय झाले आहे त्यांना?’ म्हणून पुढल्या वर्षीचे हैदराबादचे तिकीट काढलेच जात नाही. धोका येथेच आहे. वय कमी, हृदय व फुप्फुसे धडधाकट आणि दरवर्षी फेरी घालणे अशक्य, अशा रुग्णाने पोट उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. ती जुनी झाली म्हणून टाकाऊ झालेली नाही.

त्याच अभ्यासकांनी दुसरीही परीक्षा घेतली, आणि आम्हांस ती अधिक महत्त्वाची वाटते. जे ४०४ रुग्ण इतर आजारांनी इतके खंगले होते की पोट उघडणे शक्यच नव्हते, त्यांतील निम्म्यांना नळी बसवली, निम्म्यांना नाही. नळीच्या शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात शंभरात सुमारे ७ दगावले. पुढे फुग्याने मरणारे कमी झाले, तरी एकूण आयुष्य काही वाढले नाही; हृदय, फुप्फुसे, कर्करोग यांनी ती माणसे गेलीच. नळीचा खर्च काही लाखांचा असतो. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीस मर्यादा घातली ती हृदयाच्या स्टेंटपुरती होती. तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी जमीन विकावी की नाही, हा प्रश्न मुलांपुढे खरोखर उभा राहतो आणि भावाभावांत कटुता येते. जो ‘नको’ म्हणतो त्याच्यावर वडिलांना मारल्याचा आरोप होतो.

अशा घरांसाठी पोप बारावे पायस यांचे २४ नोव्हेंबर १९५७ रोजीचे डॉक्टरांपुढील भाषण आठवणे उचित आहे. जीव व आरोग्य राखण्यासाठी साधारण साधने वापरणे हे कर्तव्य. पण रुग्णावर वा इतरांवर भारी ओझे लादणारी असाधारण साधने वापरणे बंधनकारक नाही, आणि साधारण काय हे माणूस, स्थळ व काळ पाहून ठरते, असे त्यांनी सांगितले. धडधाकट सत्तरीच्या गृहस्थास जी नळी बसवून घेणे शहाणपणाचे, तीच श्वासासाठी धडपडणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत नाकारली तर तो पुत्रधर्माचा भंग होत नाही. मात्र निर्णय रुग्णाला शुद्ध असताना, त्याच्या तोंडून ऐकून व्हावा. धर्मगुरूंना रुग्णाभ्यंगासाठी बोलवावयाचे ते शस्त्रक्रियेस निघण्यापूर्वीच. शेवटच्या घटकेची वाट पाहू नये.

ज्यांनी नळी बसवली आहे त्यांच्या घरी तीन गोष्टी लिहून ठेवलेल्या असाव्यात : नळीचे नाव व माप, ती बसवल्याची तारीख, आणि प्रत्येक तपासणीत मोजलेली पिशवीची रुंदी. सीटी स्कॅनच्या प्लेटा बाप्तिस्म्याचे दाखले व सातबारा ठेवतो त्याच पेटीत ठेवाव्यात आणि दरवेळी सोबत न्याव्यात, कारण जुन्या मापाशी ताडल्यावाचून नवे माप निरुपयोगी. दरवर्षी स्कॅनच हवा असेही नाही. सारे ठीक असल्यास काही वर्षे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर भागते, व ती जवळच्या शहरात करता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे. रुग्णाच्या सख्ख्या भावांनी आणि मुलांनीही साठी उलटल्यावर पोटाची सोनोग्राफी एकदा करून घ्यावी, विडी ओढणाऱ्यांनी तर नक्कीच. ती सहसा उपाशीपोटी करतात आणि थोड्या मिनिटांत आटोपते.